सेल्मोची डावी बाजू

रुफोने दिलेला पास अगदी छातीच्या उंचीला होता. डावीकडून, अलगद, हातात ठेवल्यासारखा. माझा भाऊ सेल्मो जागचा हललाच नाही. चेंडू त्याच्या दंडाला घासून रेषेबाहेर गेला आणि पहिल्या बाकावरच्या एका म्हातारीच्या मांडीत जाऊन पडला. थोड्याच वेळात शिट्टी झाली. बास्केटबॉलच्या अंतिम फेरीचा पहिला सामना नदीपलीकडच्यांनी आमच्याच कोर्टावर येऊन जिंकला.

मी तेव्हा गाड्यावर केळी तळत होते. पांदाकान वस्तीतल्या आमच्या गल्लीत माझा गाडा कोर्टाच्या जाळीला लागूनच आहे. सामना असला की कढई रिकामी राहत नाही. त्या दिवशी मात्र कुणी काही घेईना. लोक घोळक्याने उभे होते आणि मी त्यांच्याकडे बघितलं की बोलणं थांबवत होते.

"फेली, तुझ्या भावाला बरं नाही का गं?" नेनिताने विचारलं. नेनिता समोरच्या घरात कपडे शिवते आणि कुणाच्या घरी काय शिजतंय ते तिला झाकण काढायच्या आधी कळतं.

"का? ठणठणीत आहे."

"तसं नाही गं. इतकी वर्षं बघतेय त्याला. अंधारात फेकला तरी पकडायचा. आज ताटात वाढून दिलं तर हात लावला नाही. म्हणून आपलं विचारलं."

ती एवढंच बोलून गेली. पण नेनिता जे विचारते ते संध्याकाळपर्यंत गल्लीत उत्तर होऊन फिरतं.

अंतिम फेरी तीन सामन्यांची होती. पहिला आमच्याकडे, दुसरा त्यांच्याकडे, आणि बरोबरी झाली तर तिसरा शहराच्या मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये, जिथे एरवी तिकीट काढून पगारी खेळाडू बघायचे. आमच्या पोरांनी तिथल्या लाकडी जमिनीवर पाय ठेवायची स्वप्नं पाहिली होती. पैजा तर घराघरांत लागल्या होत्या. आणि नदीपलीकडच्या संघाचा पाठीराखा होता तिबो. पुलाच्या त्या टोकाला त्याचं जुन्या टायरांचं दुकान. पोरं घडवायची दगदग त्याला नको असायची. दुसऱ्यांची घडलेली पोरं तो उचलायचा. समोरच्या संघातला एखादा ऐन वेळी लंगडायला लागला की लोक आधी पायाकडे नाही, तिबोकडे बघायचे.

दोन दिवसांनी नेनिता पुन्हा आली. या वेळी ती पेज घ्यायला आली होती, म्हणजे बराच वेळ थांबणार होती.

"सेल्मो काल नदीपलीकडे गेला होता का गं?"

"मला काय माहीत. मोठा माणूस आहे तो."

"माझ्या दिराने पाहिलं. तिबोच्या दुकानातून बाहेर पडताना." तिने पेजेवर आलं घालून घेतलं. "आता तुमच्याकडे गाडी आली असेल तर सांग बाई, टायर लागतातच."

सेल्मो माझ्याकडेच राहायचा. तेहतीस वर्षांचा, बिनलग्नाचा, खलाशी. मालवाहू जहाजाच्या दोन फेऱ्या करून आला होता आणि तिसरीची वाट बघत होता. त्याचा लहानपणापासूनचा दोस्त रुफोही खलाशी भरती करणाऱ्या त्याच कचेरीत खेटे घालत होता. आता जागा एकच निघाली होती. यादीत सेल्मो पहिला, रुफो दुसरा. सामने झाले की वैद्यकीय तपासणी आणि मग रवानगी, असं ठरलं होतं.

तो घरी आला तेव्हा मी सरळच विचारलं.

"काल कुठे गेला होतास?"

"कचेरीत. कागद द्यायचे होते."

"कचेरी नदीच्या अलीकडे आहे."

तो बुटाची नाडी सोडत होता. हात थांबले नाहीत. "मग पुढे थोडा फिरलो."

"तिबोच्या दुकानात?"

आता हात थांबले. "कोण म्हणालं? नेनिता?"

"कुणी का म्हणेना. गेला होतास का?"

"ताई, मी काय पोर आहे का तुझा हिशेब द्यायला?" म्हणून तो आंघोळीला गेला. 'नाही' म्हणाला नाही. एक साधा 'नाही' म्हणाला असता तर मला त्या रात्री झोप लागली असती.

दुसरा सामना त्यांच्या कोर्टावर होता. गाडा बंद करून मी गेले, आणि पहिल्यांदाच चेंडूकडे न बघता फक्त भावाकडे बघत बसले. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याकडे असं बघत बसलं की प्रत्येक हालचालीला शेपूट फुटतं. डाव्या कोपऱ्यातून टाकलेली बास्केट ही सेल्मोची ओळख होती, पोरांनी त्या कोपऱ्याला त्याचं नाव दिलेलं. त्या दिवशी तो त्या कोपऱ्यात एकदाही गेला नाही. फ्री थ्रो मिळाले तर चेंडू रिंगच्या अलीकडेच पडले. दोनदा समोरचा माणूस त्याच्या डावीकडून असा निघून गेला, जसं काही दार उघडंच ठेवलं होतं. तरी आम्ही जिंकलो, कारण रुफो त्या दिवशी अंगात आल्यासारखा खेळला.

जिंकल्यावर तरी तोंडं बंद होतील असं मला वाटलं होतं. परतीच्या जीपनीत, त्या भाड्याच्या लांबड्या जीपमध्ये, मागून आवाज आला, "तिसऱ्याला भाव चढवायचा तर दुसरा जिंकूनच द्यावा लागतो." सगळे हसले. सेल्मो खिडकीबाहेर बघत होता. त्याने ऐकलं नसेल असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानयो काका गाड्यावर आले. काका आमच्या संघाचे प्रशिक्षक. आयुष्यभर जीपनी चालवली, आता गुडघे गेलेत. सेल्मोच्या हातात पहिला चेंडू त्यांनीच दिला होता.

"फेली, मी तुला लेकीसारखं विचारतो. त्याने घेतलेत का?"

"काका, तुम्ही असं विचारता?"

"मी विचारणार नाही तर कोण? पोरं माझ्याकडे बघतात. रुफो म्हणतो सेल्मोला पास द्यायला हात उचलत नाही."

"रुफो असं म्हणाला?"

"म्हणाला नाही. दिलाच नाही काल पास. बघितलं नाहीस?"

नव्हतं बघितलं. "माझा भाऊ विकला जाणारा नाही," मी म्हणाले. आवाज चांगला खणखणीत निघाला. काका गेल्यावर मी घरात जाऊन सेल्मोची बॅग उघडली. गादीखाली हात घातला. एका शर्टाच्या खिशात फक्त जीपनीच्या भाड्यापुरता खुर्दा होता. तो मी जागेवर ठेवला, पण शर्टाची घडी पहिल्यासारखी झाली नाही.

मग मी पूल ओलांडून तिबोकडे गेले.

तो दुकानासमोर खुर्ची टाकून बसला होता, पोटावरचा शर्ट वर गुंडाळून. मला बघून उठलासुद्धा.

"सेल्मोची ताई ना? बसा. पाणी घेणार?"

"पाणी नको. माझा भाऊ तुमच्याकडे कशाला आला होता?"

"माझ्याकडे?" त्याने डोकं खाजवलं. "माझ्याकडे नाही आला. वरचा जिना विचारत होता. जिना दुकानातूनच आहे ना."

"तुम्ही त्याला काही दिलं नाही?"

तो हसला, पण वाईट नाही. "ताई, तो घेणारा असता तर मी दहा वर्षांपूर्वीच दिलं असतं. तेव्हा विचारलं होतं, त्याने माझ्या टायरांना लाथ मारली होती. आता त्याची तेवढी किंमतही राहिली नाही. रागावू नका, पण काल माझी पोरं म्हणत होती, त्याच्या अंगावरून हत्ती गेला तरी कळणार नाही."

चोराने दिलेली ग्वाही घ्यावी की नाही, हे मला कळेना. जिन्यापाशी तीन पाट्या होत्या. दाताचा दवाखाना, डोळ्यांचा दवाखाना आणि करारनामे करून देणारा नोटरी. माझं मन सरळ तिसऱ्या पाटीवर जाऊन बसलं. सेल्मोचे दात पांढरेशुभ्र होते, नजर लहानपणापासून घारीची. मग उरलं काय? सामना विकणारे करार करत नाहीत, एवढी साधी गोष्टही मला सुचली नाही. घरी येईपर्यंत मी मनात त्याची सहीसुद्धा पाहिली होती.

दुपारी तो जेवायला बसला. तळलेली मासळी आणि भात. मी ठरवलं होतं की आज तोंड उघडल्याशिवाय उठू द्यायचं नाही. पाण्याचा पेला भरून मी त्याच्या डाव्या हाताशी गेले आणि पुढे धरला. तो घेईना. जेवत राहिला. मला वाटलं रुसलाय. मीही हट्टाला पेटले आणि पेला तसाच धरून उभी राहिले, अगदी त्याच्या कानाजवळ. त्याने मासळीचा काटा काढला, भात कालवला, घास घेतला. मग मिठासाठी मान वळवली आणि मला बघून असा दचकला की ताट जमिनीवर गेलं.

"कधी आलीस तू?"

मी पेला दुसऱ्या हातात घेतला आणि मोकळा हात त्याच्या डाव्या डोळ्यासमोरून फिरवला. पापणी लवली नाही.

"सेल्मो."

तो ताट उचलायला वाकला. "मासळी वाया गेली," म्हणाला.

"किती दिसतं त्या डोळ्याने?"

बराच वेळ तो भाताची शितं वेचत राहिला. "उजेड कळतो. खालच्या बाजूने थोडं. मागच्या फेरीत परत येताना सुरू झालं. आधी काळे डास उडाल्यासारखे दिसायचे, मग पडदा खाली येत गेला. तिबोच्या वर डॉक्टर आहे. इकडच्या दवाखान्यात गेलो असतो तर नेनिताला माझ्याआधी कळलं असतं."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"उशीर केला म्हणाला. शस्त्रक्रिया केली तर थोडं वाचेल. पण तपासणीनंतर बघू. आधी जहाज."

मी त्याच्यासमोर खाली बसले. सुटल्यासारखं वाटलं. "अरे, लोक तुला चोर म्हणतायत. काका म्हणतायत. एकदा सांगून टाक ना."

"कुणाला सांगू? काकांना सांगितलं की रुफोला कळणार. रुफो यादीत माझ्या मागे आहे, ताई."

"रुफो तुझा दोस्त आहे."

"त्याच्या घरी तीन पोरं आहेत. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, मला नाही माहीत." त्याने ताट बाजूला ठेवलं. "चोर म्हणाले तरी जहाज मिळतं. आंधळा म्हणाले तर नाही मिळत."

"आणि जहाजावर? तू पहाऱ्यावर उभा राहशील तेव्हा? खाली माणसं झोपलेली असतात."

"समुद्र मोठा असतो," तो म्हणाला. पण माझ्याकडे बघून म्हणाला नाही.

कुणाला सांगणार नाही, असं मी त्याला वचन दिलं. भाऊ निर्दोष निघाला म्हणून मला हलकं वाटायला हवं होतं. पण आता माझ्या डोक्यात ती झोपलेली माणसं आली, त्यांची नावंगावं मला माहीत नव्हती. तेवढ्यात हा मला सगळं खरं सांगतोय का, असंही वाटून गेलं. थोडं दिसतं म्हणाला, ते तरी दिसतं का?

तिसऱ्या सामन्याला अख्खी गल्ली गेली. स्टेडियमचे दिवे इतके प्रखर की प्रत्येकाच्या चेहऱ्यावरचा घाम दिसत होता. काकांनी पाच खेळाडूंची नावं घेतली, त्यात सेल्मोचं नव्हतं. तो टॉवेल खांद्यावर टाकून बाकाच्या टोकाला बसला. आमच्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"शहाणा झाला म्हातारा," माझ्यामागे कुणीतरी म्हणालं.

नेनिता माझ्या शेजारी होती. तिने माझ्या हातात शेंगदाण्याची पुडी ठेवली. "खा गं. तुझा काय दोष." मी ती पुडी मुठीत धरून बसले.

सामना शेवटापर्यंत घासून चालला. मग आमच्या दोघांना पाठोपाठ पाच-पाच फाऊल झाले आणि ते बाहेर आले. बाकावर सेल्मोशिवाय कोणी धड उरलं नव्हतं. काका त्याच्यासमोर उभे राहिले, कॉलर धरल्यासारखे जवळ, आणि काहीतरी बोलले. सेल्मोने मान हलवली आणि आत गेला.

तिबोच्या पोरांना काय ते आधीच उमगलं होतं. कारण माहीत नव्हतं, पण दार कुठलं उघडं आहे ते कळलं होतं. त्यांनी प्रत्येक हल्ला त्याच्या डाव्या बाजूने आणला. एकाने हातातला चेंडू काढून नेला, तेव्हा सेल्मो भलतीकडेच बघत होता. स्टेडियममध्ये आमच्याच लोकांचा असा आवाज उठला, जसा कुत्र्याला हाकलताना काढतात. एक प्लास्टिकची बाटली त्याच्या पायाशी येऊन पडली. ती डावीकडून आली होती. तो तिच्यावर पाय पडून धडपडला, आणि लोक हसले.

मी उठले कधी ते मला आठवत नाही. कठड्यापाशी गेले होते एवढं खरं.

"सेल्मो, डावीकडून आला."

तो गर्रकन वळला. समोरच्याचा हात चेंडूपर्यंत पोचायच्या आत त्याने तो काढून घेतला.

"डावीकडे रुफो आहे. मोकळा आहे."

त्याने न बघता पास दिला. रुफोने बास्केट केली. मग मी थांबलेच नाही. डावीकडे दोघं, मागे हो, आता कोपरा, आता टाक. घशातून रक्त येईल असं ओरडत होते. सुरुवातीला लोक माझ्यावर हसले. मग हसणं एकेका रांगेत बंद होत गेलं. मी बघितलं तेव्हा पानयो काका खेळाकडे पाठ करून माझ्याकडे बघत उभे होते. आणि रुफो, चेंडू हातात असताना, एक क्षण सेल्मोच्या चेहऱ्याकडे बघत थांबला होता.

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. तरी मी ओरडतच राहिले. आता गप्प बसून काय उरणार होतं?

आम्ही एका बास्केटने हरलो. शेवटचा चेंडू सेल्मोनेच टाकला, डाव्या कोपऱ्यातून, आणि तो रिंगच्या अलीकडे पडला. या वेळी आवाज आला नाही.

खाली गेले तेव्हा काका त्याच्याजवळ बसले होते.

"कधीपासून?"

सेल्मो पायातले मोजे काढत होता.

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही बाकावर बसवलं असतं."

"बसवलंच होतं की."

"चोर म्हणून बसवलंत. ते चालत होतं मला."

काकांनी तोंडावर हात ठेवला. सेल्मो उठला, माझ्या समोर आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वचन दिलं होतंस." मग पायी पुलाकडे निघून गेला. त्या दिवसानंतर तो घरात जेवायचा, झोपायचा, पण माझ्याशी बोलायचा नाही.

रुफो दोन दिवसांनी गाड्यावर आला. काही मागितलं नाही, नुसता जाळीला टेकून उभा राहिला.

"फेलीताई, मी कचेरीत काही बोललेलो नाही. बोलणारही नाही."

"मी विचारलं का?"

"नाही विचारलंत. पण बघताय तशा."

खोटं बोलणारा माणूस असाच न विचारता सांगायला येतो, असं एक मन म्हणालं. दुसरं म्हणालं, खरं बोलणारा तरी आणखी काय करेल? मी त्याला केळी बांधून दिली.

सेल्मो तपासणीला गेला आणि दुपारच्या आत परत आला. त्या दिवशी तो आपणहून बोलला, दारातच.

"डॉक्टरने उजवा डोळा झाकला आणि म्हणाला, वाच. मी तक्ता पाठ करून गेलो होतो. त्याने तक्ताच बदललेला."

"सगळ्यांसाठी बदलत असतील."

"नाही. माझ्याकडे आधीच विचित्र बघत होता. रुफोच्या तोंडून गेलं असणार."

"किंवा माझ्या," मी म्हणाले. "तिथे अर्धं शहर बसलं होतं."

त्याने माझ्याकडे पूर्ण मान वळवून बघितलं. "तुझ्यावर रागावून किती दिवस राहू? घर तुझं आहे," म्हणाला, आणि जेवायला वाढ म्हणाला.

जागा रुफोला मिळाली. तो गेला तेव्हा सेल्मो त्याला सोडायला गेला नाही. पुढे डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, कडेचं थोडं दिसायला लागलं. पानयो काकांनी कुणाच्या तरी ओळखीने त्याला नदीवरच्या बोटींच्या धक्क्यावर कामाला लावलं. गल्लीत सगळ्यांना सगळं कळलं होतं, तरी परवापरवापर्यंत कुणीतरी म्हणायचं, "डोळ्याचं निमित्त बरं सापडलं." म्हणणारा बाहेरचा नव्हता, आमच्याच संघावर पैज लावून हरलेला होता.

नाताळाआधी रुफोच्या घरी त्याने पाठवलेला मोठा खोका आला. साबण, डबाबंद मांस, पोरांची खेळणी. त्याची बायको एक डबा घेऊन आमच्याकडे आली. आत बास्केटबॉलचे बूट होते, कोरे, सेल्मोच्या मापाचे.

"काय म्हणून पाठवले?" सेल्मोने विचारलं.

"काही नाही म्हणाले. सेल्मोला दे म्हणाले."

ती गेल्यावर त्याने बूट उलटेपालटे करून बघितले. आत हात घालून चिठ्ठी शोधली, नव्हती. "मन खात असल्याशिवाय कोणी एवढे चांगले बूट पाठवत नाही, ताई."

"किंवा दुकानात तुझं माप दिसलं असेल. दोस्त आहे तुझा."

"तुला काय वाटतं? खरं सांग."

"मला नाही माहीत," मी म्हणाले. आणि ते खरं होतं.

डबा कपाटावर गेला. सणाचे दिवस तिथेच होता, नंतरही. एकदा रविवारी दुपारी कोर्टावर म्हाताऱ्या मंडळींचा सामना जमला आणि काकांना एक माणूस कमी पडला. त्यांनी जाळीपलीकडून हाक मारली. सेल्मो घरात गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला, ते बूट घालून. गाड्याजवळ थांबून त्याने टाचा दोन-तीनदा जमिनीवर आपटल्या.

"चावतायत का?" मी विचारलं.

"नाही. मापाचे आहेत," तो म्हणाला, आणि कोर्टावर गेला.